चिपमध्ये एनरिचमेंट येत नाही? नवी अँटिबॉडी मागवण्याआधी हे तपासा

चिप म्हणजे क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन: पेशीतली प्रोटीनं फॉर्माल्डिहाइडने डीएनएला जोडायची (क्रॉसलिंकिंग), ते क्रोमॅटिन (डीएनए आणि त्यावरची प्रोटीनं) सोनिकेटरच्या ध्वनिलहरींनी तोडायचं, बीड्सवर (बारीक मण्यांवर) धरलेल्या अँटिबॉडीने हवं ते प्रोटीन डीएनएसकट ओढायचं, आणि तो डीएनए कुठल्या जागेचा ते पाहायचं. हव्या जागेचा डीएनए इतर जागांपेक्षा जास्त आला तर ती एनरिचमेंट. मुंबईतल्या लॅबमध्ये चिप करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचं वाक्य एकच असतं: "मॅडम, अँटिबॉडी खराब आहे." कधीकधी ती असतेही. पण जितक्या फसलेल्या चिप मी मार्गी लावल्या, त्यांतल्या बहुतेकांत दोष अँटिबॉडी घालण्याच्या आधीच झालेला होता: फॉर्माल्डिहाइडच्या बाटलीत, खोलीच्या तापमानात किंवा सोनिकेटरमध्ये. अँटिबॉडी बाहेरून मागवायची म्हणजे मोठा खर्च आणि कित्येक आठवड्यांची वाट. अ‍ॅगरोज जेल त्या मानाने जवळजवळ फुकट. म्हणून स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी, हा क्रम मोडू नका.

हे मुख्यतः चिप-क्यूपीसीआर (ओढलेला डीएनए ठरावीक जागांवर पीसीआरने मोजणं) करणाऱ्यांसाठी आहे. सिक्वेन्सिंगला पाठवणार असाल तरी आधी इथूनच जावं लागतं.

आधी लक्षणं ओळखा

"चिप फसली" हे निदान नाही. नेमकं काय दिसतंय ते वहीत लिहा.

पहिलं आणि सर्वांत जास्त दिसणारं लक्षण: पॉझिटिव्ह जागेवर (जिथे प्रोटीन बसतं हे माहीत आहे) तुमच्या अँटिबॉडीची आणि आयजीजीची (तुलनेसाठीची, तुमचं प्रोटीन न ओळखणारी अँटिबॉडी) सीटी (कितव्या पीसीआर सायकलला सिग्नल दिसला तो आकडा; डीएनए जास्त तितकी सीटी कमी) सारखीच, दोन्ही उशिरा, ३२-३४च्या पुढे. म्हणजे काहीच ओढलं गेलेलं नाही.

दुसरं: दोन्ही सारख्याच, पण दोन्ही लवकर. इथे सगळंच चिकटून आलंय. हा बॅकग्राउंडचा त्रास आहे आणि त्याचं उत्तर वेगळं आहे.

तिसरं जास्त फसवं असतं. आयजीजीपेक्षा अँटिबॉडीची सीटी चांगली तीन-चार सायकल आधी येते, माणूस खूश होतो, पण जिथे हे प्रोटीन बसायलाच नको अशा जागेवरही तितकाच फरक दिसतो. याला एनरिचमेंट म्हणायचं नाही. आयजीजी मुळातच फार कमी ओढतं, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली की कुठलीही अँटिबॉडी चांगलीच दिसते. त्याच अँटिबॉडीची, त्याच ट्यूबमधली, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह जागा समोरासमोर ठेवा.

चौथं: हिस्टोनची (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीनं) चिप छान होते, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरची (जीन चालू-बंद करणारी प्रोटीनं) होत नाही.

आणि पाचवं, आपल्या शहरातलं: जानेवारीत चाललेला तोच प्रोटोकॉल, त्याच हातांनी, मे महिन्यात चालत नाही. याकडे "नशीब" म्हणून दुर्लक्ष करू नका. त्याला कारण असतं, ते खाली येईल.

हिशेब परत करा

याला एक पैसाही लागत नाही. इनपुट म्हणून (अँटिबॉडी न घालता, तुलनेसाठी) तुम्ही किती टक्के क्रोमॅटिन बाजूला काढलं होतं? १% असेल तर इनपुटच्या सीटीतून ६.६४ वजा करायचे, कारण शंभर पट म्हणजे तेवढ्या सायकल. इनपुटची सीटी २५ असेल तर शंभर टक्क्यांची १८.३६ होते. चिपची सीटीही २५ आली असेल तर तुम्ही १% इनपुट ओढलंत, आणि फॅक्टरसाठी ते चांगलंच आहे. आयजीजी २८ला आलं तर ते ०.१२५%, म्हणजे आठ पट कमी. मी हा आकडा इतका फोडून लिहितेय कारण इनपुट १० मायक्रोलिटर आणि चिप ५०० मायक्रोलिटर अशा वेळी इनपुट १% नसून २% असतं, आणि वहीत मात्र जुन्या प्रोटोकॉलमधला १% उतरवलेला असतो. शुद्धीकरणानंतर दोन्ही सारख्याच आकारमानात विरघळवलेत का, तेही बघा.

लगेच प्रायमर (पीसीआरमध्ये कुठली जागा मोजायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) पाहून घ्या. इनपुट डीएनएचे दहा-दहा पटीने पातळ केलेले चार-पाच नमुने लावा. दर दहा पटीला सीटीचा उतार −३.१ ते −३.६च्या दरम्यान हवा. प्रायमरमधला तुकडा (अ‍ॅम्प्लिकॉन) ६० ते १५० बेसच्या आत ठेवा. सोनिकेशनने डीएनएचे तुकडे २००-५०० बेसचे केलेले असतात; ३०० बेसचा अ‍ॅम्प्लिकॉन मागितलात तर त्यातले बरेच तुकडे मध्येच तुटलेले असतील आणि सिग्नल विनाकारण पडेल.

प्रोटीन त्या वेळी तिथे होतं का?

हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, पण विचारला जात नाही. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर बोलावल्याशिवाय येत नाहीत. इस्ट्रोजेन रिसेप्टरचं उदाहरण घ्या. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत टीएफएफ१ या जीनच्या प्रोमोटरवर (जीनच्या सुरुवातीजवळची जागा) तो इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन हार्मोन) दिल्यावर तासाभराच्या आत ठळक दिसतो. पण त्याआधी पेशी फिनॉल रेड नसलेल्या माध्यमात, चारकोलने हार्मोन काढलेल्या सीरममध्ये ठेवाव्या लागतात, कारण साध्या सीरममध्ये हार्मोन असतं आणि फिनॉल रेडही थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतं. हे केलं नाही तर "दिलेला" आणि "न दिलेला" नमुना सारखेच दिसणार. पी५३ हा फॅक्टर पाहायचा असेल तर डीएनएला इजा करणारं औषध द्या आणि पी२१ या जीनच्या प्रोमोटरवर पाहा. तुमचा फॅक्टर कधी, कुठे, कशाने बसतो याचा आधीचा पुरावा नसेल तर निदान सीटीसीएफ या प्रोटीनची चिप सोबत लावा. ते जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पेशीत, ठरलेल्या जागांवर बसलेलं असतं.

बाटल्या आणि थर्मामीटर

आता फॉर्माल्डिहाइड. ३७% ची बाटली उजेडाकडे धरा. तळाशी पांढरं काही बसलेलं दिसलं तर बाटली बाद. ते पॉलिमर झालेलं असतं, म्हणजे वरच्या द्रवात ३७% उरलेलं नाही आणि तुमचं "१%" प्रत्यक्षात किती आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. स्वच्छ दिसणारी पण वर्षभर उघडी-बंद झालेली बाटलीही चिपला वापरू नका. मिथेनॉल नसलेल्या १६%च्या काचेच्या अँप्युल मिळतात. १० मिलीलीटर माध्यमाला ६६७ मायक्रोलिटर पुरतात. एकदा फोडली की त्याच दिवशी वापरून संपवायची. हे सगळं फ्यूम हूडमध्येच. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं आहे, आणि "दहा मिनिटांचंच तर काम आहे" म्हणून टेबलावर उघडू नये. उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही, घातक कचऱ्याच्या डब्यात जाऊ द्या.

माध्यमातही पाहण्यासारखं असतं. सीरममधली प्रोटीनं फॉर्माल्डिहाइड खातात, आणि ट्रिस बफरमध्ये अमाइन असल्याने ते तर क्रॉसलिंकिंग मारूनच टाकतं. शक्यतो पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) करा. प्रत्येक वेळी तेच माध्यम, तितकंच आकारमान, तितक्याच पेशी.

आणि आता मे महिना. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं: "१%, १० मिनिटं, खोलीच्या तापमानाला." हे ज्यांनी लिहिलं त्यांची खोली २०-२२ अंशांची. रविवारी एसी बंद असलेली आपली खोली सहज ३१-३२ला असते. क्रॉसलिंकिंग ही रासायनिक क्रिया आहे, उष्णतेने ती जोरात होते. म्हणजे घड्याळात दहाच मिनिटं झाली तरी पेशींनी त्याहून बराच जास्त मार खाल्लेला असतो. जास्त क्रॉसलिंक झालेलं क्रोमॅटिन सोनिकेटरमध्ये नीट तुटत नाही, अँटिबॉडीला हवी ती जागा झाकली जाते, आणि भरपूर चालू असलेल्या जीन्सवर नको तेही चिकटून येतं. जानेवारी-मेचं कोडं बहुतेक वेळा इथे सुटतं. उपाय साधा आहे: २५ अंशांवर ठेवलेल्या शेकरमध्ये क्रॉसलिंकिंग करा, माध्यमही आधी त्याच तापमानाला आणा, आणि तापमान वहीत लिहा. क्रॉसलिंकिंग थांबवायला ग्लायसिन १२५ मिलिमोलर, पाच मिनिटं, मग ताबडतोब बर्फात. ग्लायसिनचं द्रावण जुनं असेल तर नवीन करा, त्याला फार खर्च येत नाही.

प्रोटीएज इनहिबिटरही (प्रोटीन कापणारी एन्झाइम थांबवणारी द्रव्यं) इथेच पाहा. त्यांतलं पीएमएसएफ पाण्यात फार टिकत नाही. पीएच ८च्या बफरमध्ये तासाभराच्या आत निम्म्याहून अधिक निकामी होतं. सकाळी घालून ठेवलेल्या बफरवर दुपारी विसंबू नका.

जेल. हे टाळू नका.

एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा.

सोनिकेशननंतर ५० मायक्रोलिटर क्रोमॅटिन बाजूला काढा. त्यात मीठ २०० मिलिमोलर करा, रात्रभर ६५ अंशांवर ठेवा, मग आरएनएज, मग प्रोटिनेज के, कॉलमवर स्वच्छ करा आणि १.५% अ‍ॅगरोजवर चालवा. यातली एकही पायरी गाळली तर जेल खोटं बोलतं. क्रॉसलिंक सुटलेले नसतील तर डीएनए प्रोटीनसकट चालतो आणि आहे त्याहून मोठा दिसतो. आरएनएज घातलं नाही तर खाली आरएनएचा ढग दिसतो आणि वाटतं, काय सुंदर बारीक तुटलंय! फार जास्त भरलं तरी स्मिअर (जेलवर पसरलेला डीएनएचा पट्टा) सरकतो. ५०० नॅनोग्रॅम पुरे.

हवा तो स्मिअर २०० ते ५०० बेसच्या आसपास दाट. क्यूपीसीआरपुरतं ८००-१०००पर्यंत थोडी शेपटी चालते. वर विहिरीजवळ जाड पट्टा दिसला तर मोठे तुकडे राहिलेत. मोठा तुकडा म्हणजे प्रोटीनपासून हजार-दोन हजार बेस लांबची जागाही पॉझिटिव्ह दिसणार आणि निगेटिव्ह-पॉझिटिव्हमधला फरक पुसला जाणार. उलट सगळं १५०च्या खाली गेलं असेल तर जास्त मारलंत: अँटिबॉडी जिथे धरते तो प्रोटीनचा भागही त्यात बिघडतो आणि प्रायमरनाही पूर्ण तुकडा मिळत नाही.

तुकडे मोठे असतील तर सोनिकेटरला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहा. पेशींची संख्या वाढली का? ट्यूबमधलं आकारमान बदललं का? फेस येतोय का? फेस आला की ऊर्जा हवेत जाते, द्रवात जात नाही. थांबा, स्पिन करा, मग पुढे. बफरमधलं एसडीएस (डिटर्जंट) बर्फात थंड झालं की पांढरं होऊन खाली बसतं, तेही पाहा. बसलं असेल तर ट्यूब हातात धरून विरघळू द्या आणि मगच लावा.

यानंतर पाण्याचं तापमान. बाथ सोनिकेटरचं पाणी ४ अंशांवर राहायला हवं. आपल्याकडच्या उकाड्यात चिलर मागे पडतो, आणि बर्फ घालून चालवणारे दहा मिनिटांनी बर्फ संपलेला बघतच नाहीत. ही गोष्ट मी धरून बसते याचं कारण फॉर्माल्डिहाइडच्या स्वभावात आहे. फॉर्माल्डिहाइड रुळण्याआधी, १९८४मध्ये, गिल्मर आणि लिस यांनी अतिनील किरणांनी प्रोटीन डीएनएला जोडून दाखवलं होतं, पण ती जोडणी सोडवता येत नाही. १९८८मध्ये सॉलोमन, लार्सन आणि वार्शाव्स्की यांनी फॉर्माल्डिहाइड वापरलं, आणि त्याची मोठी सोय म्हणजे उष्णता दिली की जोड सुटतो. शेवटी ६५ अंशांवर आपण तेच करतो. सोनिकेटरमध्ये नमुना तापत राहिला तर तेच काम तिथे नको त्या वेळी सुरू होतं, वर प्रोटीनही उलगडतं.

वेळ ठरवायचा असेल तर एकाच बॅचच्या क्रोमॅटिनमधून ५, १०, १५, २० सायकलनंतर थोडं थोडं काढा आणि शेजारीशेजारी चालवा. क्रॉसलिंकिंगच्या वेळेसाठीही तसंच: ५, १०, १५ मिनिटं. एका जेलवर दोन्ही उत्तरं मिळतात.

कंट्रोल अँटिबॉडी

जेल चांगलं आलं तरी एनरिचमेंट नाही? आता त्याच क्रोमॅटिनवर एच३के४एमई३ची (चालू जीन्सच्या प्रोमोटरवर असणारी हिस्टोनवरची खूण) अँटिबॉडी लावा आणि जीएपीडीएच या नेहमी चालू असलेल्या जीनच्या प्रोमोटरवर पाहा. बहुतेक लॅबमध्ये कुणाच्या तरी फ्रीजमध्ये ती असतेच, मागून घ्या. ही चालली तर बीड्स, वॉश, एल्यूशन (बीड्सवरून डीएनए उतरवणं), डीएनए शुद्धीकरण, सगळ्यांची एकदम सुटका झाली. दोष तुमच्या प्रोटीनमध्ये किंवा त्याच्या अँटिबॉडीत आहे. ही पण फसली तर तुमच्या अँटिबॉडीविषयी अजून काहीही सिद्ध झालेलं नाही, ती मागवू नका.

ती फसली तर पुढच्या गोष्टी भराभर पाहून घ्या. अँटिबॉडी घालण्याआधी एसडीएस १%वरून ०.१%वर आणलंत ना? न आणलं तर अँटिबॉडीच उलगडते. बीड्स कुठले? सशाची अँटिबॉडी प्रोटीन ए छान धरतं, पण उंदराची आयजीजी१ त्याला नीट धरता येत नाही, तिथे प्रोटीन जी हवं. मॅग्नेटिक बीड्स फ्रीझरमध्ये गेले किंवा सुकले तर टाकून द्या. एल्यूशन बफरमधलं सोडियम बायकार्बोनेट त्याच दिवशी विरघळवलेलं हवं.

बॅकग्राउंडचा त्रास असेल, म्हणजे लक्षण दुसरं, तर बीड्स आधी बीएसए या प्रोटीनने ब्लॉक करा, क्रोमॅटिन जोरात स्पिन करून वरचंच घ्या, लिथियम क्लोराइडचा वॉश पाच मिनिटं पूर्ण फिरवा आणि शेवटच्या वॉशला ट्यूब बदला. प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटलेला डीएनए शेवटी एल्यूशनमध्ये उतरतो. ट्यूब बदलणं हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त इलाज. सिक्वेन्सिंग करणार असाल तर ब्लॉकिंगला सॅल्मनचा डीएनए वापरू नका, तुमच्या रीड्समध्ये (सिक्वेन्सिंगने वाचलेल्या तुकड्यांत) मासा येईल.

आता अँटिबॉडी

इथपर्यंत आलात तर अँटिबॉडीवर संशय घ्यायला हरकत नाही. "वेस्टर्नला मस्त बँड देते" हा पुरावा अपुरा आहे. वेस्टर्नमध्ये (जेलवर वेगळी केलेली प्रोटीनं अँटिबॉडीने ओळखणं) प्रोटीन उकळून उलगडलेलं असतं. चिपमध्ये ते घडी घातलेलं, फॉर्माल्डिहाइडने बांधलेलं आणि शेजाऱ्यांनी वेढलेलं असतं. फॉर्माल्डिहाइडने स्थिर केलेल्या पेशींत इम्युनोफ्लुओरेसन्सला (पेशीत प्रोटीन चमकवून पाहणं) चालणारी अँटिबॉडी चिपला चालण्याची आशा जास्त.

खरी परीक्षा अशी: चिपच्या क्रोमॅटिनमधून आधीचं थोडं, ओढल्यानंतर उरलेलं थोडं आणि बीड्सवरचं थोडं घ्या, क्रॉसलिंक सुटण्यासाठी ९५ अंशांवर वीस-तीस मिनिटं उकळा आणि वेस्टर्न करा. सगळं प्रोटीन वरच्या द्रवातच राहिलं असेल तर अँटिबॉडी धरत नाही. १, २, ५ मायक्रोग्रॅम असं वाढवून पाहा, तरी नाही तर बदला. पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) असेल तर लॉट नंबर तपासा. आधीचा लॉट चालला म्हणून हा चालेल असं नाही.

आणि पार्सल आलं कसं, ते विचारा. शुक्रवारी संध्याकाळी विमानतळावर उतरलेली खोकी सोमवारी हातात येतात, आतले जेल पॅक तोवर कोमट असतात. पोचल्या दिवशी आतलं तापमान आणि तारीख लिहून फोटो काढा, मग छोटे अ‍ॅलिकॉट करा.

प्रोटीन बीड्सवर येतंय, पण डीएनए येत नाही? हे लक्षण चौथं. हिस्टोनभोवती डीएनए गुंडाळलेलाच असतो, त्याची चिप होणं सोपं. फॅक्टर कित्येकदा काही सेकंद बसतो आणि उठतो, किंवा दुसऱ्या प्रोटीनच्या खांद्यावर बसलेला असतो. फॉर्माल्डिहाइडचा हात दोन अँगस्ट्रॉमच्या आसपासच पोचतो. अशा वेळी आधी डीएसजी किंवा ईजीएस, जे लांबच्या दोन प्रोटीनांना बांधतात, आणि मग फॉर्माल्डिहाइड. पेशीही वाढवा: हिस्टोनला दहा लाख पुरतात, फॅक्टरला एक कोटीपर्यंत लागू शकतात. दुहेरी क्रॉसलिंकनंतर सोनिकेशनची वेळ परत ठरवावी लागते, म्हणजे परत जेल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सोनिकेटरच्या प्रोबच्या टोकाला खड्डे पडले असतील, आवाज बदलला असेल किंवा चिलर ४ अंश धरत नसेल, तर सेटिंग वाढवत बसू नका. सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. ते यंत्र उघडायचं काम आपलं नाही.

नमुना रुग्णाच्या ट्यूमरचा असेल आणि एकच तुकडा असेल, तर त्याच्यावर ट्रबलशूटिंग करायचंच नाही. पेशींवर प्रोटोकॉल बसवा, आणि तो तुकडा हातात घेण्याआधी टिश्यूची चिप नेहमी करणाऱ्याशी बोला. परळहून खारघरला किंवा पवईहून कुलाब्याला न्यायचा असेल तर क्रॉसलिंक करून, लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून, ड्राय आइसमध्ये न्या. टॅक्सीची काच थोडी खाली ठेवा, ड्राय आइसचा वायू बंद गाडीत साचतो.

जेल चांगलं, एच३के४एमई३ चांगलं, प्रोटीन बीड्सवर येतंय, जागा साहित्यात माहीत असलेली, आणि तरीही तीन स्वतंत्र नमुन्यांत काही नाही: इथे चिप थांबवा. कट अँड रन या पर्यायी पद्धतीचा अनुभव असलेल्या कुणाकडे जा. स्कीन आणि हेनिकॉफ यांनी ती २०१७मध्ये मांडली. त्यात सोनिकेशन नाही, बहुधा क्रॉसलिंकही नाही. अँटिबॉडीला जोडलेलं एन्झाइम तिथल्या तिथे डीएनए कापतं आणि लाखभर पेशींत काम होतं. पण डिजिटोनिनचं (पेशीला छिद्रं पाडणारं द्रव्य) प्रमाण आणि एन्झाइम चालू करणाऱ्या कॅल्शियमची वेळ हाताला बसायला लागते, म्हणून पहिली वेळ जाणकाराच्या शेजारी बसून करा.

क्यूपीसीआरमध्ये फरक दिसत नसताना सिक्वेन्सिंगला पाठवू नका. पाठवून झालं असेल आणि पीकमध्ये (रीड्सची गर्दी होते त्या जागांत) पडणाऱ्या रीड्सचं प्रमाण १%च्याही खाली असेल, तर पीक दिसेपर्यंत सॉफ्टवेअरची मर्यादा सैल करत जाणं हा उपाय नाही. तो डेटा बायोइन्फॉर्मॅटिक्सवाल्याला दाखवा आणि तो "परत करा" म्हणाला तर ऐका.

जाणकाराकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. जेलचा फोटो मार्करसकट, क्यूपीसीआरच्या कच्च्या सीटी, फक्त फोल्ड एनरिचमेंटचा बार ग्राफ नव्हे, इनपुटचं टक्केवारीचं प्रमाण, क्रॉसलिंकिंगचं तापमान, फॉर्माल्डिहाइडची बाटली कधी उघडली ती तारीख, अँटिबॉडीचा लॉट आणि प्रत्येक ट्यूबमधल्या पेशींची संख्या, एवढं एका कागदावर असलं की बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच दोष कुठल्या पायरीवर आहे ते सापडतं.